वणावरचे केस

डोक्यावरची खोल जखम भरली की तिथे वण राहतो आणि वणावर केस उगवत नाहीत. वण कितीही जुना असो, तेलाच्या कितीही बाटल्या रिकाम्या होवोत, जागा गुळगुळीतच राहते. याचे कारण त्वचेच्या आत, चार-पाच मिलिमीटर खोलीपर्यंतच्या थरात आहे. प्रत्येक केस एका बारीक कूपातून वर येतो. तो घडतो कूपाच्या तळाशी, पण पुढच्या केसांचे बियाणे तळाशी नसते. ते बरेच वर, तेलग्रंथीच्या खाली, अंगावर काटा उभा करणारा इवलासा स्नायू कूपाला जिथे चिकटतो तिथल्या फुगवट्यात असते. तिथल्या मूळपेशी शाबूत असतील, तर केस गळाला तरी कूप नवा केस घडवतो. ऊसपट्ट्यात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ऊस तोडला तरी जमिनीतल्या बुडख्यांना फुटवे येतात आणि खोडवा उभा राहतो; बुडखेच उपटले गेले तर पुन्हा लागण करावी लागते. वणात बुडखे गेलेले असतात आणि त्यांच्या जागी कोलॅजेनचे ताठ तंतू दाटलेले असतात.

म्हणूनच केस जाण्याचे तीन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. पुरुषांना वारशाने येणाऱ्या टकलात कूप मरत नाहीत, आक्रसत जातात. चाईत शरीराची संरक्षणयंत्रणा कूपाच्या तळावर हल्ला करते, पण वरचा फुगवटा वाचतो. त्यामुळे चाईचे पुष्कळसे चट्टे काही महिन्यांत आपोआप भरून येतात आणि श्रेय शेवटच्या उपायाला मिळते. तिसरा प्रकार वणाचा. डॉक्टरांच्या कागदावर त्याला ‘सिकाट्रिशिअल अ‍ॅलोपेशिया’ म्हटलेले असते. भिंगातून पाहिले तर चाईच्या चट्ट्यावर कूपांची बारीक तोंडे दिसतात. वणात ती बुजलेली असतात. या जागी गोळी, लोशन किंवा इंजेक्शनने केस येत नाहीत. उरतो तो शस्त्रक्रियेचा मार्ग.

वण दोन वाटांनी येतो. पहिल्या वाटेत घाव बाहेरून बसतो आणि कूप त्या तडाख्यात सापडतात. सातारा-सांगली भागातली कामे पाहिली तर असे प्रसंग कुठे उभे राहतात ते दिसते. गुऱ्हाळात काहिलीतला पाक गूळ होण्याच्या बेतात येतो तेव्हा त्याचे तापमान उकळत्या पाण्याच्या बरेच पुढे, ११५ अंशांच्या आसपास गेलेले असते. शिवाय तो पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटतो. म्हणून त्याने खोलवर भाजते. सांगलीच्या हळदपट्ट्यात काढणीनंतर हळद शिजवायची असते, तिथे वाफ आणि उकळते पाणी असते. पुणे-बंगळूर महामार्गावर दुचाकीवरून पडलेल्याच्या डोक्याला खोक पडते, घाईत टाके पडतात आणि बोटाएवढी पांढरी रेघ जन्मभर दिसत राहते.

भाजलेल्या डोक्यावर पहिल्या अर्ध्या तासात जे होते त्यावर पुढचे बरेच अवलंबून असते. भाजलेली जागा वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरली तर उष्णता आत उतरायची थांबते. हळद, शाई, टूथपेस्ट यांनी काहीच थांबत नाही. उलट जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसेनासे होते. डोक्याच्या कातडीची एक जमेची बाजूही आहे. तिथले कूप खोल असल्याने वरवर भाजलेली जागा कूपांतूनच भरून येते आणि केसही परततात. इतके, की शरीरावर इतरत्र लावण्यासाठी डोक्यावरची कातडी पातळ सोलून घेतली, तर पंधरवड्याच्या आत डोके भरते आणि केस पूर्ववत वाढतात. उलटा व्यवहार मात्र जमत नाही. खोल भाजलेल्या डोक्यावर मांडीची कातडी लावली तर जीव वाचतो, कवटी झाकली जाते, पण त्या जागी केस येत नाहीत. लहानपणी भाजलेल्या कित्येकांच्या डोक्यावरचा ‘वण’ म्हणजे खरे तर मांडीच्या कातडीचा पट्टा असतो.

याहून भयंकर इजा पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रांनी होते. पिठाची गिरणी, मळणी यंत्र, कडबाकुट्टी यांच्या फिरत्या दांड्यात वेणी किंवा पदर सापडला तर डोक्याची कातडी केसांसकट, कधी भुवयांपर्यंत, उपटली जाते. सुटलेली कातडी कपड्यात गुंडाळून टाकून देऊ नये. ती ओलसर स्वच्छ फडक्यात घेऊन प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावी, ती पिशवी बर्फावर ठेवावी, कातडीला थेट बर्फ लावू नये आणि रुग्णासोबत न्यावी. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून संपूर्ण टाळू परत बसवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियात नोंदली गेली. डोक्याचे रक्ताभिसरण इतके भरघोस आहे की कधीकधी एक धमनी नीट जोडली तरी सगळी टाळू जगते. केसांच्या पुनर्रचनेतले हे सर्वांत चांगले फळ. कारण इथे नवे काही उभे करायचे नसते, गेलेले परत बसवायचे असते. मात्र यासाठी हाताशी तास मोजकेच असतात.

काही वण घरगुती उपायांनी येतात. चाईवर बिब्बा लावण्याचा प्रघात जुना आहे. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते, फोड येतात, पू होतो. जी चाई मुकाट्याने भरून आली असती तिथे मग कायमचा वण राहतो. लहान मुलांच्या डोक्यावरच्या खवड्यांचेही तसेच. हा बुरशीचा आजार आहे, तो पोटातून घ्यायच्या औषधाने बरा होतो; नुसते मलम कूपाच्या आत पोचत नाही. गळूसारखा सुजलेला, पुवाने भरलेला प्रकार अंगावर काढला तर खाली कूप नष्ट होतात.

जटेचा उल्लेखही इथेच करायला हवा. यल्लमाची यात्रा भरणाऱ्या जत तालुक्यापासून सौंदत्तीपर्यंतच्या पट्ट्यात केसांचा गुंता देवीचा प्रसाद मानून वर्षानुवर्षे वाढवला जातो. जट जड असते. ती रात्रंदिवस मुळांवर ताण देते, मान आखडते, खालची कातडी धुतली जात नाही. असा ताण सुरुवातीला थांबला तर केस परत येतात. वर्षानुवर्षे राहिला तर कूप नष्ट होऊन वणच उरतो. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बायकांना समजावून जटा कापतात, ते सामाजिक काम म्हणून ओळखले जाते. त्वचारोगाच्या पुस्तकात त्याची जागा प्रतिबंधक उपचारात पडेल.

वणाची दुसरी वाट आतली आहे. इथे बाहेरून काही झालेले नसते. शरीराच्या स्वतःच्या पेशी फुगवट्यावरच चालून जातात. डिस्कॉइड ल्युपस, लायकेन प्लॅनोपिलॅरिस ही त्यातली ठळक नावे. कपाळावरची केसांची रेषा मागे सरकवणारा आणि भुवयाही नेणारा एक प्रकार सिडनीचे त्वचारोगतज्ज्ञ स्टीव्हन कोसार्ड यांनी १९९४ मध्ये प्रथम वर्णिला; तो मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांत दिसतो. खाज, आग, केसाच्या बुंध्याशी लाली आणि पापुद्रे ही चालू आजाराची लक्षणे. बाईने सांगितलेली ही आग बरेचदा ‘कोंडा’ म्हणून उडवली जाते. निदानासाठी चट्ट्याच्या कडेवरून चार मिलिमीटरचा तुकडा काढून तपासतात. मधोमधून काढला तर नुसता वण सापडतो, आजार सापडत नाही. आग विझलेल्या घरात काडी कुणी ओढली ते कळत नाही, तसे.

शस्त्रक्रियेच्या दृष्टीने या दोन वाटांतला फरक सर्वांत मोठा आहे. भाजल्याचा किंवा टाक्यांचा वण विझलेला असतो. आतल्या आजाराचा वण राखेखाली निखारा असल्यासारखा असू शकतो. तिथे लावलेला केस त्याच पेशींच्या तडाख्यात जातो.

वणावर केस आणण्याची कल्पना जुनी आहे. सुश्रुताने व्रणाच्या उपचारांचे साठ उपक्रम सांगितले, त्यात ‘रोमसंजनन’ हा एक आहे: भरलेल्या व्रणाच्या जागी केस उगवणे. त्यासाठी त्याने हस्तिदंताच्या राखेचा लेप सांगितला. लेपाने मेलेला कूप जिवंत होत नाही, पण जखम भरणे आणि तिथली त्वचा पूर्वीसारखी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला दिसले होते.

आधुनिक केशरोपणाचा जन्मही वणासाठीच झाला, टकलासाठी नव्हे. जपानी त्वचारोगतज्ज्ञ शोजी ओकुडा यांनी १९३९ मध्ये आपल्या सुमारे २०० रुग्णांची हकीकत छापली. गोल धारेच्या नळीने डोक्याच्या केसाळ भागातून त्वचेचे दोन ते चार मिलिमीटरचे गोळे काढायचे आणि वणात त्याच मापाची भोके पाडून ते बसवायचे, अशी त्यांची रीत. लेख जपानी भाषेत होता, लगेच महायुद्ध पेटले, आणि बाकीच्या जगाला त्याचा पत्ता कित्येक वर्षे लागला नाही. न्यूयॉर्कचे नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये स्वतंत्रपणे दाखवले की केस जिथून काढला तिथला गुण घेऊन नव्या जागी जगतो. मग हे तंत्र टकलाच्या बाजारात शिरले आणि जाहिराती त्याच्याच झाल्या. आज भाजलेली मुलगी चौकशीला जाते तेव्हा तिला टकलाचेच दरपत्रक हाती मिळते. तिची गरज वेगळी आहे.

तिच्यासमोर तीन पर्याय असतात, आणि चांगला सर्जन केशरोपणाकडे सर्वांत शेवटी येतो. वण अरुंद असेल, कातडी सैल असेल, तर तो सरळ कापून दोन्ही केसाळ कडा जोडतात. कडा थोड्या तिरक्या कापल्या तर वाचलेले कूप नव्या शिवणीतूनच केस बाहेर काढतात आणि रेघ झाकली जाते. तासाभराचे हे काम पाचशे केस लावण्यापेक्षा बरे.

वण तळहाताएवढा असेल तर कातडी वाढवावी लागते. वणाशेजारच्या केसाळ भागाखाली, कवटीच्या वर, सिलिकॉनची रिकामी पिशवी बसवतात. टाके निघाल्यावर दर आठवड्याला एका बारीक झडपेतून तिच्यात सलाइन भरतात. दोन-तीन महिन्यांत वरची कातडी ताणून वाढते, गरोदर बाईच्या पोटाची वाढते तशीच. मग पिशवी काढून वण छाटतात आणि वाढलेली केसाळ कातडी त्यावर ओढतात. या रीतीने डोक्याच्या अर्ध्या भागापर्यंतचा वण झाकता येतो. कूपांची संख्या वाढत नाही, ते फक्त विरळ होतात. पण दाटी निम्म्यावर येईपर्यंत डोळ्याला फरक सहसा कळत नाही. अडचण त्या दोन-तीन महिन्यांची आहे. डोक्यावर नारळाएवढा फुगवटा घेऊन मुलाला शाळेत जायचे असते. पिशवीला जंतुसंसर्ग झाला किंवा ती कातडीतून बाहेर डोकावली तर सगळे काढून पुन्हा सुरुवात करावी लागते. हे आईबापांना आधी, चित्र दाखवून सांगितलेले बरे.

या दोन्ही वाटा बंद असतील किंवा कडा, भांग आणि कपाळावरची रेषा नैसर्गिक करायची असेल तेव्हा केशरोपण. दाता भाग म्हणजे डोक्याची मागची बाजू. तिथून एकतर कातडीची लांब पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कूपसमूह सोडवतात, नाहीतर एक मिलिमीटरहून कमी व्यासाच्या पंचने ते सुटे काढतात. एका समूहात एक ते चार केस असतात. त्यालाच ग्राफ्ट म्हणतात. निरोगी डोक्यावर चौरस सेंटिमीटरला साधारण ६५ ते ८५ समूह असतात. वणात एका बैठकीला तेवढ्याच जागेत २० ते ३० लावले तर पुष्कळ झाले.

हे प्रमाण कमी असण्याचे कारण रक्त. ग्राफ्ट लावल्यावर पहिले काही दिवस तो भोवतालच्या द्रवावर जगतो, मग नव्या केशवाहिन्या त्याला मिळतात. वणात वाहिन्या कमी, तंतू ताठ, कातडी कधी कवटीला चिकटलेली आणि इतकी पातळ की कूप उभा राहायला खोलीच नाही. पडीक, खडकाळ रानात लागण करण्यासारखे हे आहे. दाट लावले तर सगळेच उपाशी मरतात. म्हणून रानाची मशागत आधी करतात. पोटाची चरबी बारीक करून वणाखाली सोडली की कातडीला जाडी आणि मऊपणा येतो. भूल देताना रक्तवाहिन्या आकसवणारे अ‍ॅड्रिनॅलिन बेताने वापरतात. छिद्रे थोडी तिरपी पाडतात, म्हणजे पातळ कातडीतही कूप मावतो. ताज्या वणाला हात लावत नाहीत. तो मऊ, फिकट होऊन स्थिरावायला वर्षभर देतात.

तरीही वण केस धरेल की नाही हे आधी सांगता येत नाही. यावर जुना आणि शहाणा उपाय म्हणजे चाचणी. वणाच्या एका कोपऱ्यात पन्नास-शंभर ग्राफ्ट लावायचे आणि किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर थांबायचे. निम्म्याहून जास्त जगले तर पुढचे काम हाती घ्यायचे. समजा पाच सेंटिमीटर लांब आणि चार रुंद वण आहे, म्हणजे वीस चौरस सेंटिमीटर. पंचवीसच्या हिशेबाने पहिल्या बैठकीला पाचशे ग्राफ्ट लागतील, आणि वर्षाने दाटीसाठी दुसरी बैठक. ‘एका दिवसात काम फत्ते’ असे सांगणारा वणाबद्दल बोलत नसतो.

लावलेले केस दोन ते चार आठवड्यांत गळतात. इथे घाबरून फोन येतात. कूप आत असतो. नवा केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डोके वर काढतो आणि महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो. टकलात वर्षभरात निकाल लागतो, वणात दीड वर्षही जाते.

आतल्या आजारात नियम कडक आहेत. आजार किमान दोन वर्षे शांत हवा, खाज-लाली नको, फोटोंत चट्टा सरकलेला दिसता कामा नये, गरज पडली तर तुकडा पुन्हा तपासून बघावा. एवढे करूनही खात्री नसते. कपाळाची रेषा मागे नेणाऱ्या आजारातल्या ५१ रुग्णांचा एक पाहणी-अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका वर्षाने ८७ टक्के ग्राफ्ट जगलेले होते, पाच वर्षांनी ४१ टक्के. पहिल्या वाढदिवसाचे फोटो दाखवून फी ठरवणाऱ्याला हा दुसरा आकडा विचारायला हवा. काही रुग्ण दोन्ही आकडे ऐकूनही शस्त्रक्रिया निवडतात, लग्नकार्यापुरती का होईना. त्यांची ती निवड चुकीची म्हणता येत नाही. ज्यांना शस्त्रक्रिया नको त्यांच्यासाठी रंगाचे ठिपके गोंदून कातडी गडद करण्याचा मार्ग आहे, आणि बायकांसाठी चांगले गंगावन किंवा विग.

हे काम कुणी करावे, याबद्दल राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरानेच ती करावी. कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून शिकणे पुरेसे नाही, असे त्यात लिहिले आहे. असे लिहावे लागले यावरून बाजाराची कल्पना येते. खर्चाबाबत एक गोष्ट थोड्यांना ठाऊक असते. आरोग्यविम्याच्या प्रमाण अटींत सौंदर्यासाठीची आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे, पण अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीतून बाहेर ठेवलेली आहे. म्हणून केसपेपरवर नुसते ‘हेअर ट्रान्सप्लांट’ लिहिले आहे की ‘भाजल्यानंतरच्या वणाची पुनर्रचना’, याने फरक पडू शकतो.

डोके सोडून मिशी आणि भुवया या दोन जागाही याच शस्त्रक्रियेत येतात. दुभंगलेल्या ओठाच्या शिवणीवर मिशी फुटत नाही. तिथे शे-दीडशे ग्राफ्ट लावले की रेघ झाकली जाते. भुवयांचा इतिहास कुष्ठरोगाशी बांधलेला आहे. या रोगाच्या एका प्रकारात जंतू भुवयांचे कूप नष्ट करतात, आणि औषधाने माणूस पूर्ण बरा झाल्यावरही बिनभुवयांचा चेहरा गावाला रोगाची आठवण देत राहतो. जपानमध्ये फुजिता यांनी १९५३ मध्ये अशा रुग्णांच्या भुवया केशरोपणाने उभ्या केल्या. भारतात वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी डोक्याच्या कातडीचा केसाळ तुकडा, त्याची धमनी न तोडता, कपाळाच्या कातडीखालून भुवईच्या जागी ओढून आणला. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले तेव्हापासून दवाखान्यांचे गाव झालेल्या मिरजेतही कुष्ठरुग्णांसाठीचे रिचर्डसन रुग्णालय आहे. हात, पाय, डोळे आणि चेहरा यांची डागडुजी हा अशा रुग्णालयांच्या कामाचाच भाग असतो. डोक्यावरून आलेल्या केसाला आपण आता भुवई झालो हे कळत नाही. तो डोक्यावरच्याच वेगाने वाढतो आणि दर पंधरा दिवसांनी कात्री लावावी लागते. ब्रँड यांचे काही रुग्ण नव्या भुवयांवर इतके खूश होते की त्या कापायलाच तयार नसत.